राणीच्या नकाशातलं तळं

ज्योतिबा धायगुड्यांची लेक राणी कराडला इंजिनिअर झाली आणि सांगलीच्या एका कंपनीत लागली, इथवर गावाने ऐकून घेतलं होतं. पण कवठे महांकाळच्या पूर्वेच्या चिंचखडीची नगरपंचायत झाली, विकास आराखड्यासाठी ड्रोनने गावाचा नकाशा काढायचं ठरलं आणि ते काम घेऊन राणीच आली, तेव्हा ज्योतिबांना आवरणं त्यांच्या बायकोला, अंजनाबाईंनाही जमेना. आजोबांनी मेंढरांमागे जो मुलूख पायी तुडवला, तो नात आभाळातून मोजणार होती.

ड्रोन उडणार त्या दिवशी सगळ्या गल्लीला जेवण घालायचं त्यांनी ठरवलं. घरामागच्या खोलगट पडीक रानात मांडव घातला. कापड पुरेना म्हणून बेदाणा शेडवाल्यांकडून निळ्या ताडपत्र्या मागून आणल्या आणि एकीला एक जोडत सगळं रान झाकून टाकलं. राणी सकाळपासून शाळेच्या मैदानावरून ड्रोन उडवत होती. दुपारी जेवायला आली, सावली छान झालीय म्हणाली आणि रस्सा पुन्हा मागून घेऊन जेवली.

काही दिवसांनी कच्चा नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागला. शेजारच्या बनुबाई चष्मा पुसून पुढे झाल्या. त्यांच्या घराला लागून निळंशार तळं होतं. संगणकाने निळं दिसलं ते पाणी धरलं होतं आणि ऑफिसात ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लोक नकाशातल्या तळ्यावर बोट ठेवून फोटो काढून घेऊ लागले. ज्योतिबा येईल त्याला सांगत होते, "ते तळं बी माझ्याच लेकीनं काढलंय."

खरी पंचाईत पुढेच होती. पाण्याचे टँकर बघणाऱ्या नव्या साहेबांनी तो नकाशा पाहिला. शेजारी एवढं तळं असताना या गल्लीला टँकर कशाला, म्हणून त्यांनी तो पलीकडच्या गल्लीला वळवला. बाया घागरी घेऊन ज्योतिबांच्या दारात आल्या. बनुबाई शांतपणे म्हणाल्या, "ज्योतिबा, तुझ्या लेकीचं तळं कुठं हाय तेवढं दाव. घागर भरून घेती आन् जाती."

ज्योतिबांनी सांगलीला फोन लावला. राणी मिळेल त्या एसटीने आली. ताडपत्रीचा उलगडा झाल्यावर ती आधी वडिलांवर चिडली, मग स्वतःवर. त्या तळ्याच्या तळाशी बसून ती पोटभर जेवली होती. टँकर तिने लगेच सुरू करून घेतला. नकाशा मात्र रहिवाशांचं म्हणणं घेऊन, सुनावणी करूनच दुरुस्त करायचा, असं मुख्याधिकाऱ्यांनी बजावलं.

मग राणी घरोघर फिरली. तिथे तळं नाही, चुकून दिसलंय, हे ती आधी सांगायची आणि मग त्या जागी काय असावं असं विचारायची. प्रत्येक घरातून एकच उत्तर यायचं, तळं. बनुबाईंचं म्हणणं, भिंतीवर दाखवलेलं पाणी आता काढून घेणं बरं दिसत नाही. चहावाल्या आप्पासोने तर काठावर टपरी कुठे टाकायची, तेही ठरवलं होतं. लोकांची समजूत घालायला काहीतरी कारण सापडेल म्हणून राणीने नकाशावरचे चढउतार तपासले. निघालं उलटंच. गल्लीचं सगळं पावसाचं पाणी त्या खोलगटातच उतरत होतं. तिथे तळं झालं, तर आसपासच्या बोअरना पाणी टिकलं असतं.

सुनावणीला हॉल भरला. राणीने हे सगळं मांडलं, चूकही सांगितली. मुख्याधिकाऱ्यांनी जागा कुणाची म्हणून विचारलं, आणि सगळ्या माना ज्योतिबांकडे वळल्या. ते रान भरून घेऊन त्याचे प्लॉट पाडायचे, हा त्यांचा बेत गावाला ठाऊक होता.

राणीच खालच्या आवाजात म्हणाली, "आबा, तुमी न्हाई म्हणालात तरी चालंल. चूक माझी हाय. मी नकाशा बदलते."

"म्हंजी तू काढलेला नकाशा चुकला, असं लिवून देणार?"

"द्यावंच लागंल."

ज्योतिबा पटका सारखा करत उठले आणि मुख्याधिकाऱ्यांकडे वळले.

"सायेब, नकाशा बरुबर हाय. रानच तेवढं चुकलंय. ते दुरुस्त करून घ्या."