सुकटीचं सोवळं कालवण

शके अठराशेच्या सुमाराची गोष्ट. "छापलेलं खोटं नसतं!" असं गोपीनाथ छाती ठोकून सांगे. कोलशेतच्या मिठागरावर अक्षर लावून वाचणारा तो एकटाच, मग ऐट असणारच!

बायको सगुणा हिवतापाने अंथरुणाला खिळलेली. वैद्य म्हणाला, "पोटात अन्न गेलं तर वाचेल." आणि तिला हवं काय? मेलेल्या आईच्या हातचं सुकटीचं कालवण!

"एवढंच ना?" म्हणत गोपीनाथने ठाण्याच्या बाजारातून पाकशास्त्राचं जुनं, शिळाछापाचं पुस्तक आणलं. उलटतो तर श्रीखंड, जिलबी, केशरी भात, आणि तेही शंभर पानांच्या पंगतीचं! सुकट? नाव नाही! मिठागरावरची माणसंही जेवतात, हे त्या ग्रंथकाराला कुणी कळवलंच नव्हतं. शेवटी चिंचेची आमटी सापडली. तीतच सुकट घालायची ठरली.

आमटीची पहिलीच आज्ञा: 'स्नान करून ओलेत्याने चूल पेटवावी.' छापलेलं मोडायचं कसं? गोपीनाथने अंगावर घागर ओतली. पण चुलीत विस्तव कुठला! ओल्या धोतराने, तो शेजारच्या कमळाबाईच्या चुलीतले निखारे मडक्यात घेऊन निघाला.

कमळाबाईने परसातून पाहिलं. ओलेता नवरा, हातात विस्तवाचं मडकं! तिने ऊर बडवला. "सगुना गेली रं!"

गोपीनाथ सुकट भाजायला टाकतोय, तोच दारात अर्धा गाव! सगुणेचा भाऊ काळुराम तर चक्क तिरडीचा बांबू घेऊन. "बाय माजे!"

"अरे, मेली नाय ती! कालवण करतोय मी!"

"दुःखानं डोकं फिरलं रं याचं!" कमळाबाईने सूर आणखी चढवला.

आतून बारीक आवाज आला, "आवं, कोन गेला?"

काळुरामने बांबू पाठीमागे लपवला. मग सगुणा हसली. खोकत, धापा टाकत, पण हसली! तोवर सुकटीचा कोळसा झालेला. गोपीनाथने तोंड पाडून तसंच कालवण तिच्यापुढे ठेवलं. तिने घास घेतला, डोळे मिटले.

"आयचा पन असाच करपायचा," म्हणाली, आणि वाटी पुसून खाल्ली.

गोपीनाथ आनंदाने अंगणात नाचला. गाव पोट धरून हसला.

चार दिवसांनी सगुणेचा ताप पुन्हा चढला, आणि भरदुपारी घरातून गोपीनाथची किंकाळी आली. कुणी उठलं नाही. मग तो दारात येऊन उभा राहिला, केस विस्कटलेले, ओठ नुसतेच हलत होते.

कमळाबाईने भात कांडता कांडता मान वर केली आणि हसून विचारलं, "आज काय रांधतोस रं?"