आईच्या जागेचा अतिरिक्त कार्यभार

आई जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा सेलूच्या ढवळ्यांच्या घरातल्या आईच्या जागेचा अतिरिक्त कार्यभार बैठकीतल्या टाकीमधल्या थोरल्या मासोळीने स्वीकारला.

प्रणिता त्या दिवशी एका शाळेत मुलांना पोवळ्यांचे सांगाडे दाखवून घरी आली, तर वडील इस्त्रीचा सदरा घालून दारातच उभे. भगवानराव ढवळे पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यानंतर इस्त्रीचा सदरा त्यांच्या अंगावर फक्त लग्नाकार्यात चढत असे.

"हळू बोल," ते म्हणाले. "मॅडमनी चार्ज घेतलाय."

"कोण मॅडम?"

त्यांनी टाकीकडे हात केला. केशरी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, लांबी बोटाएवढी. खडकाला चिकटून जगणाऱ्या समुद्रफुलाच्या झुलत्या बोटांतून बाहेर येऊन मासोळी काचेशी थांबली होती. तिने प्रणिताकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी पाय धुऊन ये," ती म्हणाली.

प्रणिता पाय धुऊन आली.

चूक म्हटली तर प्रणिताचीच होती. ऑस्ट्रेलियात राहून तिने प्रवाळांचा अभ्यास केला होता. आईची बातमी तिथे पोचली, आणि ती इथे पोचली तोवर तेरावं उरकत आलं होतं. दार उघडणाऱ्याने बॅग घेतली, कोणीतरी पाणी दिलं, आणि सगळे पुन्हा पंगतीच्या कामाला लागले. ती परत गेली नाही. नळाची वाट बघत मोठं होणाऱ्या गावातल्या पोरांनाही समुद्र बघायचा हक्क आहे, असं तिचं म्हणणं होतं, आणि 'हक्क' हा शब्द ती टेबलावर हात आपटून म्हणत असे. साठवलेले पैसे घालून तिने टाकी उभी केली. गाळलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवलं, दिवे लावले, पाणी खेळतं ठेवायला पंप बसवले, वीज गेली तर इन्व्हर्टर ठेवला.

"अगं माय, लोकांना प्यायला टँकर, अन् तू चांगल्या पाण्यात मीठ कालवायलीस!" शेजारच्या उषाकाकू टाकळकर म्हणाल्या होत्या. तरी रोज संध्याकाळी खुर्ची ओढून टाकीसमोर सगळ्यात पुढे त्याच बसत.

टाकीला उजेडाची आणि भक्कम फरशीची जागा हवी होती. तशी जागा घरात एकच होती : खिडकीखाली, जिथे आईचं शिलाई मशीन असे. प्रणिताने मशीन माळ्यावर टाकलं आणि टाकी तिथे ठेवली.

"जागेवर बसलं की जागेचं काम आलंच," मासोळीने आता तिला सांगितलं. "मला तू इथे बसवलंस. मी मागून घेतलेलं नाही."

"बरोबर आहे," भगवानराव म्हणाले. "एक साहेब बदलून गेला की शेजारच्या साहेबाकडे चार्ज राहतोच. त्याचा पगार वेगळा मिळत नाही."

मासोळीने काम चोख केलं. दूध उतू जायच्या आत ती हाक मारी. ओला टॉवेल खाटेवर दिसला की बोले. भाजी कोणती करायची ते ती सकाळीच ठरवी आणि आमटीत मीठ कमी पडलंय हे तिला वाफेवरून कळे. उषाकाकू संक्रांतीचं हळदीकुंकवाचं बोलावणं टाकीसमोर करून गेल्या. काचेला कुंकवाचं बोट लावावं का, एवढाच त्यांना प्रश्न पडला. मासोळीने बाहेरून लावायला सांगितलं, आत पाण्याला सोसणार नाही म्हणून.

प्रणिताला हे मान्य नव्हतं. मासोळीने बोलावं याला तिची हरकत नव्हती. हरकत पदालाच होती.

"हे बघा," ती टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "एका बाईने सगळ्यांच्या टॉवेलांची काळजी आयुष्यभर करायची, हे पदच अन्यायाचं आहे. बाबा आणि मी काम वाटून घेऊ. ती जागा भरायची गरज नाही."

"मग पद रद्द करायचं म्हणतेस."

"हो."

"तुला वेगळं काही करावं लागणार नाही," मासोळी म्हणाली. "अतिरिक्त कार्यभार वर्षश्राद्धापर्यंतच असतो. तोवर कायम माणूस नेमला नाही, तर पद आपोआप संपतं."

"संपतं म्हणजे?"

"आमच्यात समुद्रफुलावर वरच्या जागेला कोणी उरलं नाही, की बाकीचे पांगतात. पुढे ते नुसतं समुद्रफूल असतं. तिथे कधी घर होतं, असं त्याच्याकडे बघून कोणाला वाटत नाही. इथेही तसंच. या घरात आई होती हे आठवायचं कोणाला कारण राहणार नाही."

प्रणिताला वाटलं, हे बोलण्यापुरतं आहे. तसं ते नव्हतं. त्याच आठवड्यात माळ्यावरचं मशीन शोधायला ती चढली, तर तिथे मशीनच्या आकाराची धूळ नसलेली जागा होती, दुसऱ्या दिवशी त्या जागेवरही धूळ होती. भिंतीवरच्या फोटोत आईच्या मागचा पडदा स्पष्ट दिसू लागला, आधी खांद्यातून, मग कपाळातून. भगवानराव जेवताना थांबले आणि म्हणाले, "ती अंबाड्याच्या भाजीला काहीतरी घालायची. कण्या का... कोण घालायचं बरं?" आणि पुढे जेवू लागले.

संध्याकाळी उषाकाकू आल्या. टाकीत बघता बघता त्यांनी सहज विचारलं, "प्रणू, तुझी आई कोणत्या गावची म्हणायची गं? होती ना तुला आई?"

त्या आणि आई पंचवीस वर्षं एका भिंतीच्या शेजारणी होत्या. प्रणिता स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. मग बाहेर येऊन तिने टाकीला सांगितलं, "जागा भरा."

"चांगलं," मासोळी म्हणाली.

"आता भरायची म्हणजे पोरीनंच," उषाकाकू म्हणाल्या. "दुसरं कोण आहे घरात बाईमाणूस? एवढं शिकून आली, तेवढं जमेल तिला."

प्रणितानेही तीच तयारी केली होती. शाळांचे दौरे, समुद्र, पोरांचा हक्क, सगळं ती मनातल्या मनात गुंडाळून ठेवत होती.

"तसं नाही चालत," मासोळी म्हणाली. "वरची जागा रिकामी झाली, की तिच्या लगेच खालचा वर येतो. मीही आधी खालीच होते. नर होते. वरची गेली, तशी मी मादी झाले. मधला सोडून शेवटच्याला वर घेत नाहीत."

सगळ्यांनी भगवानरावांकडे पाहिलं. ते चहा बशीत ओतत होते. त्यांनी तो न सांडता ओतला.

"निवृत्त माणसाला बढती मिळाल्याचं मी ऐकलं नाही," ते म्हणाले.

"आहे तरतूद," मासोळी म्हणाली.

"मिशा ठेवता येतील?"

"मिशांचा संबंध नाही."

त्यांनी बशी संपवली. "आधीच्या पदाचं काय? बाबाचं?"

"दोन्ही एकाला ठेवता येत नाहीत. ते सोडावं लागेल. तिथे हिला यावं लागेल."

"मी?" प्रणिता म्हणाली. "मी बाबा?"

"दुसरं कोण आहे?"

"आणि माझी जागा? मुलीची?"

मासोळी प्रवाहात जागच्या जागी डोलली. "सगळ्यात खालची जागा बढतीने भरत नसतात," ती म्हणाली. "ती प्रवाह भरतो, कुठून तरी वाहत आलेलं पिल्लू आत आणून. भरलीच तर."

प्रणिताला वाटलं होतं त्यापेक्षा हे स्वस्तात सुटत होतं. टॉवेल तिच्या वाट्याला येत नव्हते, दौरे सुटत नव्हते. तरी तिचा पाय निघेना. ती परत आली होती ती पोरांना समुद्र दाखवायला, असं ती सगळ्यांना सांगत असे, आणि ते खरंही होतं. पण ती या घरात मुलगी म्हणून परत आली होती आणि मुलगी म्हणून तिला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं. आता ती जागा तिला सोडायची होती. नाही सोडली, तर फोटोत नुसता पडदा राहणार होता.

"पडद्याला झालर शिवायची राहिली होती तिची," भगवानराव अचानक म्हणाले. "मशीनवर तसाच होता." मग त्यांनी प्रणिताकडे पाहिलं. "हे मला उद्या आठवणार नाही, प्रणू."

"घ्या," प्रणिता टाकीला म्हणाली. "आम्ही दोघंही तयार आहोत."

वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी कार्यभार दिला-घेतला गेला. भगवानरावांनी सदऱ्याची बाही दुमडून हात टाकीत धरला. लाल पाठीवर पांढरी रेघ असलेला झिंगा खडकाखालून आला आणि त्यांची नखं, बोटांच्या बेचक्या नीट साफ करू लागला. तो कामावर असताना टाकीतलं कोणी कोणाला चावत नसे. सगळे रांगेत उभे राहत. थोरली मासोळी काचेशी आली.

"दूध?"

"गरम करून झाकलंय."

"गच्चीवरचे कपडे?"

"आणतो."

"आणते," मासोळी म्हणाली.

"आणते," भगवानराव म्हणाले.

मग मासोळी वळली आणि समुद्रफुलात शिरली. यापुढे ती प्रणिताशी कधी बोलली नाही. तिच्याकडे आता टाकी सोडून दुसरा कार्यभार नव्हता.

"माझं कधी?" प्रणिताने विचारलं, पण उत्तर द्यायला कोणी नव्हतं. कालव्याचं पाणीही एका दमात शेवटच्या शेतात पोचत नाही, वरून खाली पाळीपाळीनेच येतं. तिची पाळी सकाळी होती. तोवर ती होती तीच होती.

आई हात पुसून गच्चीवर गेली. कपडे घेऊन खाली आली, घड्या घातल्या, सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीकडे बघून चुकचुकली. मिशा होत्या तशाच होत्या. मग ती दारापाशी गेली, तिथे ठेवलेली प्रणिताची शाळेची झोळी उचलून आत आणली आणि प्रणिताकडे पाहून म्हणाली, "केवढी वाळलीस! विमानात काही दिलं का खायला?"

विमानाला वर्ष झालं होतं.

"दिलं होतं," प्रणिता म्हणाली. "मला गेलं नाही."

"कसं जाईल. बस."

आईने पाट मांडला. अंबाड्याची भाजी होती, कण्या घातलेली, वर लसणाची फोडणी. आमटी खारट झाली होती. प्रणिताने ती दोनदा वाढून घेतली. आई समोर बसून राहिली, अजून घे म्हणाली, पुरे म्हटल्यावर आणखी अर्धी भाकरी ताटात टाकली, आणि तिकडच्या समुद्राला असाच वास येतो का, असं विचारलं. प्रणिता सांगत गेली. पोवळी एकाच रात्री मिळून अंडी कशी सोडतात, सगळं पाणी गुलाबी कसं होतं. आई मधूनमधून "अगं बाई" म्हणत होती. जेवण झाल्यावर प्रणिता तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. टाकीतल्या पंपाचा आवाज येत होता. निळा उजेड छतावर हलत होता.

"झोपू नको इथेच," आई म्हणाली. पण उठवलं नाही.

सकाळी आईच्या मांडीवरून लवकर उठले ते बाबा. त्यांनी झोळीतून चष्मा काढला, जो आदल्या दिवसापर्यंत त्यांना लागत नव्हता, पेपर उलगडला, आणि तो पुरता वाचून झाल्यावर टाकीच्या पाण्याचं मीठ मोजलं. भिंतीवर आईचा फोटो होता, पुऱ्या खांद्याचा आणि कपाळाचा. मागचा पडदा झाकला गेला होता. श्राद्धाला त्याच फोटोला हार घातला. उषाकाकू पाया पडल्या आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "काय गुणाची बाई होती हो. पंचवीस वर्षं शेजारी, कधी मोठ्यानं बोलली नाही." मग त्या स्वयंपाकघराच्या दारात गेल्या आणि आत कढईपाशी उभ्या असलेल्या आईला विचारलं, "वड्यांना मदत करू का, वहिनी?"

"कोथिंबीर निवडा," आई म्हणाली.

आता संध्याकाळी शाळेची पोरं टाकी बघायला येतात. बाबा त्यांना काचेवर बोट न ठेवता समुद्र समजावून सांगतात, हक्क हा शब्द अजूनही हात आपटूनच म्हणतात, आणि आई प्रत्येकाला पाय धुवायला लावते. पोरं गेल्यावर दोघं जेवायला बसतात. पाट तीन मांडतात.

दार पुरतं लावत नाहीत. प्रवाहाला आत यायला थोडी फट लागते.