एकाच पत्त्यावरचे दोन अर्ज

"एकदा इनारी देवाच्या कानावर घातलं की दुकान चाललंच म्हणून समज," असं मुत्सुओराव उकाई गिफू सोडल्यापासून सांगत होते. क्योटो येईपर्यंत त्यांच्या पत्नी फुसाएबाईंनी ते अकरा वेळा ऐकलं.

दुकान सोबा शेवयांचं. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, मासे धरतात. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या मुत्सुओरावांनी पीठ मळायला घेतलं. त्याला जेमतेम आठ महिने झाले होते, आणि आता गॅरेज पाडून, होती नव्हती ती पुंजी ओतून, एप्रिलमध्ये दुकान उघडायचं ठरलं होतं. वाढायला फुसाएबाई! त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

शेवयांचं म्हणाल तर त्या उकळत्या पाण्यात पडल्या की निम्म्यांचा भुगा होई, आणि उरलेल्या चावता चावता जबडा दुखे. शेजारी तोंडावर "वा, अस्सल गावठी चव" म्हणत आणि दुसऱ्या दिवसापासून गल्ली बदलून जात.

"अहो, लोक विकत घेऊन हे खाणार नाहीत."

"अगं, हात बसतोय अजून."

पालथ्या घड्यावर पाणी.

इनारीच्या देवळात मुंगीलाही वाट मिळू नये अशी झुंबड. मुत्सुओरावांनी खिडकीवर देवाकडे मागण्याचा अर्ज भरला, 'व्यापारवृद्धी'भोवती ठसठशीत गोल काढला आणि ते लघवीला गेले. तेवढ्यात बाईंनी आपलाही एक अर्ज भरून दिला. छापील यादीत 'मनोकामनापूर्ती' असा सोयीचा शब्द होता, पण देवाला अंदाज बांधायला लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी 'इतर'पुढे सविस्तर लिहिलं. कागद आत जाईल, देव वाचेल, विषय संपला.

आतल्या दालनात त्या याआधी शेवटचं बसल्या होत्या, तेव्हा त्यांची मुलगी सात वर्षांची होती. पुजारी प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि मागणं देवाला मोठ्यानं वाचून दाखवतो, हे त्या साफ विसरल्या होत्या.

ते आठवलं तेव्हा ढोल वाजून गेला होता, चाळीस माणसं गुडघे मुडपून बसली होती, आणि पुजारी खड्या सुरात ओसाकाच्या कुणा टायरवाल्याची गाऱ्हाणी घालत होता.

"अहो, बाहेर जाऊ या. मला बरं वाटत नाही."

"गप्प बस. आपला नंबर आलाय."

बाईंनी उठून पाहिलं. पायांना मुंग्या आलेल्या, ते जागचे हलेनात.

"गिफूनिवासी उकाई मुत्सुओ. यांच्या सोबा शेवयांच्या दुकानाची भरभराट व्हावी."

मुत्सुओरावांनी कपाळ चटईला टेकवलं.

"त्याच पत्त्यावरील उकाई फुसाए." पुजारी थबकला. त्यानं कागद जवळ नेला, लांब नेला. पण देवापुढे कागदातला शब्द गाळायची सोय नाही. त्याच सुरात तो म्हणाला, "यांच्या पतीचे सोबा शेवयांचे दुकान उघडू नये. उघडल्यास, कोणी आजारी पडण्यापूर्वी बंद पडावे."

मागच्या रांगेत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली, मग त्याच्या शेजाऱ्याला आली. मुत्सुओरावांची मान कानांपर्यंत लाल झाली. त्यांना तरातरा उठून जायचं होतं, पण पाय त्यांचेही गेले होते. अजून तीस जणांचं वाचन बाकी होतं. तेवढा वेळ उकाई पतिपत्नी खांद्याला खांदा लावून, समोर बघत बसून राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं बाई मनाशी म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मुत्सुओराव पायरीवर बसले.

"घरी सांगायचं होतंस."

"आठ महिने सांगतेय. तुम्ही पीठ मळत होतात."

"शेवया इतक्या वाईट होतात?"

बाईंना त्यांची फार दया आली. एरवी त्या खोटं बोलल्याही असत्या.

"हो," त्या म्हणाल्या.

मुत्सुओरावांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक. नाही काढत दुकान."

बाईंचा विश्वासच बसेना. गॅरेज वाचलं, पुंजी वाचली, त्या स्वतः वाचल्या. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी देवळाकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला.

"पण सराव मोडून चालायचा नाही," मागून आवाज आला. "गिऱ्हाइकांना नको तर नको. रोज दुपारी घरीच करीन. फक्त तुझ्यासाठी."

फुसाएबाई सावकाश सरळ झाल्या आणि पायऱ्या चढू लागल्या.

"अगं, आता कुठे?"

"अर्ज बदलून मिळतो का, विचारून येते."