टाकीतली पोन्नांगण्णी

रविवारी सकाळी दहा वाजता प्रणवेश टाकीच्या दिव्याची नवी ट्यूब घेऊन घरी आला आणि हॉलमध्ये उभाच राहिला. माशांच्या टाकीत मासे होते. पाणी होतं. झाडं नव्हती. पुढचं बुटकं गवत तेवढं उरलं होतं, मागे नुसते खुंट.

अकरा वाजता डोळ्यांच्या डॉक्टर हरिता टाकी बघायला येणार होत्या. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचा नवा दवाखाना होत होता आणि पेशंट बसतात तिथे त्यांना अशीच टाकी हवी होती, जिवंत झाडांची. ऑर्डर मिळाली तर प्रणवेशचा धंदा सुरू. नाही मिळाली तर उद्यापासून ओरत्तनाडूला रघोजीमामाच्या सिमेंटच्या दुकानात. हे अप्पांनी, म्हणजे रंगरावांनी, महिन्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं. इंजिनिअरिंग करून चार वर्षं घरी बसलेल्या मुलाला याहून जास्त मुदत कोण देतं? मामाने तर खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

"अम्मा! झाडं कुठे गेली?"

"कसली झाडं? कीरै म्हण की, पालेभाजी," स्वयंपाकघरातून सुप्रभा म्हणाली. "कापली. कूटु होतोय."

प्रणवेश आत धावला. पातेल्यात मूगडाळीबरोबर त्याचे सहा महिने रटरटत होते.

व्हिडिओ बघून बघून तो एकटाच शिकला होता. पुढे बुटकं, मागे उंच, आणि लाल झाड कधीही बरोबर मध्ये नाही. एका बाजूला, तिसऱ्या हिश्शावर. त्या तिसऱ्या हिश्शापायी त्याने लाल झाडं सात वेळा उपटून परत लावली होती. घरात कुणी बघितलं नव्हतं. आज पहिल्यांदा कुणाचं लक्ष गेलं, ते विळी घेऊन.

"अगं, ती अल्टरनँथेरा आहे! चेन्नईहून पार्सल मागवली होती!"

"पोन्नांगण्णी आहे. लाल पोन्नांगण्णी. मज शिकवू नकोस. अप्पांचं पुढच्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन, घरात डोळ्यांची भाजी वाढतेय, आणि मी बाजारात जाऊ?"

"मी त्यात खत घालत होतो!"

"म्हणून तर एवढी माजली."

"सिलिंडर लावून गॅस देत होतो गं तिला!"

"मी पण गॅसच देतेय. ओरडू नकोस."

"आणि मागची ब्राह्मी?"

"तिची चटणी. ती तुझ्यासाठी. काही म्हणजे काही आठवत नाही तुज. कालच ट्यूब आणायची होती की नाही?"

प्रणवेश हॉलमध्ये परत आला. रंगराव टाकीच्या शेजारीच आरामखुर्चीत बसले होते.

"अप्पा, तुमच्या समोर कापली ना? तुम्ही बघत बसलात?"

"मज कुठे दिसतं?" रंगराव म्हणाले. "त्यासाठीच तर पोन्नांगण्णी."

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "कीरै, कीरैये!" अलमेलु वीस वर्षं या गल्लीत पालेभाजी विकत होती आणि प्रणवेशला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची. प्रणवेश अनवाणीच धावला.

"लाल पोन्नांगण्णी आहे? सगळ्या जुड्या दे."

"लग्न आहे का घरात, तंबी?"

"नाही."

"मग कुणाचे डोळे एवढे बिघडले?"

त्याने जुड्या सोडून एकेक काडी वाळूत खोचली. एकेक काडी वर आली. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली. त्याने परत खोचल्या, त्या परत आल्या. मासे फिल्टरमागे जाऊन बसले. दारात उभी असलेली अलमेलु आधी हसली, मग तिला ते बघवेना. तिने बांगड्या वर सारल्या.

"सर बाजूला."

टोपलीतल्या केळीच्या सोपटाने तिने पाच-पाच काड्या बांधल्या, प्रत्येकीला एक खडा अडकवला आणि कोपरापर्यंत हात घालून सगळ्या टाकीच्या मध्यावर उभ्या केल्या. ताठ. एकाला एक चिकटून.

"मध्ये नाही! तिसऱ्या हिश्शावर!"

"बाजूला ठेवलं तर गिऱ्हाईकाला दिसत नाही, तंबी."

डॉक्टर हरिता अकराला आल्या. प्रणवेशने पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. मुळं, उजेड, माती. डॉक्टर ऐकत नव्हत्या, काचेला नाक लावून बघत होत्या.

"ही पोन्नांगण्णी का?"

"याला अल्टरनँथेरा म्हणतात..."

"पोन्नांगण्णीच!" अम्मा, अप्पा आणि अलमेलु एकदम म्हणाले.

डॉक्टर खूश होऊन हसल्या. "डोळ्यांच्या दवाखान्यात पोन्नांगण्णी! छान दिसेल हो. कुणी लावली?"

प्रणवेशने तोंड उघडलं. पण अलमेलुचे हात अजून कोपरापर्यंत ओले होते.

"मी," ती म्हणाली. खोटं कुठे होतं?

"डॉक्टर, ही जगणार नाही," प्रणवेश म्हणाला. "हिला मुळंच नाहीत. आठवड्यात कुजेल."

"दर आठवड्याला बदलाल ना?" डॉक्टरांनी अलमेलुला विचारलं.

"मी तर रोज ताजी आणते, डॉक्टर अम्मा."

ऑर्डर दहा मिनिटांत ठरली, अलमेलुच्या नावावर. डॉक्टर कूटुची चव घेऊन, तारीफ करून गेल्या. अलमेलुने टोपली डोक्यावर घेतली आणि दारातून मागे वळली.

"तंबी, पाण्याच्या बादल्या मला उचलवत नाहीत, कंबर धरते. पाणी बदलायला तू ये. सोमवारी सोमवारी. मी सांगते डॉक्टरांना, मुलगा चांगला आहे म्हणून."

प्रणवेशने अप्पांकडे बघितलं. वाटलं, आता तरी काही बोलतील. इंजिनिअर मुलगा, कीरैवालीच्या हाताखाली. रंगरावांनी फोन चाचपून उचलला, डोळ्याजवळ नेऊन नंबर शोधला.

"रघोजी, उद्या नको, मंगळवारी पाठवतो त्याला. सोमवारी त्याला काम असतं."

सुप्रभाने ताट वाढलं. कूटु, चटणी, भात. प्रणवेशने घास घेतला. चांगला झाला होता, हेच जास्त लागलं.

"आणि ऐक," सुप्रभा म्हणाली. "तिथली जुनी जुडी फेकू नकोस. घरी आण."