एका शब्दाची दुरुस्ती

एक शब्द बदलायचा, एवढंच प्रूफकाकांच्या मनात होतं.

सव्वीस वर्षं ते छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. औषधांच्या माहितीपत्रकांपासून शोकसंदेशांपर्यंत सगळं त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जायचं, म्हणून सगळा छापखाना त्यांना प्रूफकाका म्हणायचा. तेव्हा मुलीनं विद्यापीठाचा अर्ज भरून ठेवलाय म्हटल्यावर तो नजरेखालून न घालणं त्यांना जमणारं नव्हतं. (‘हात लावू नका, मंगळवारी मीच पाठवणार आहे,’ असं तिनं बजावलं होतं. पण काकांच्या मते नजर म्हणजे काही हात नव्हे.)

विद्यापीठही साधंसुधं नव्हतं. शंभरातल्या चौघांना घ्यायचं आणि बाकीच्या शहाण्णवांना खेद कळवायचा. त्यासाठी मुलगी दोन वर्षं राबत होती. पहिलं वर्ष तिनं आईच्या खाटेशेजारी बसून अभ्यास केला, दुसरं त्याच रिकाम्या खाटेशेजारी.

रविवारी दुपारी ती क्लासला गेली आणि काका कॉम्प्युटरपुढे बसले. निबंधात एक वेलांटी सोडली तर बोट ठेवायला जागा नव्हती. मग कुटुंबाचा तक्ता आला. ‘आई : मृत.’

मृत! हा काय शब्द झाला? निदान ‘दिवंगत’ तरी म्हणावं! काकांनी त्या शब्दावर टिचकी मारली, तशी यादी उघडली. हयात, मृत, बेपत्ता, माहीत नाही. ‘दिवंगत’ नव्हताच. मग काकांनी उगाचच ‘हयात’ निवडून पाहिलं.

‘आई : हयात.’

त्या ओळीकडे ते बराच वेळ बघत बसले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि चष्मा न घालताच पुन्हा ‘मृत’ निवडून बटण दाबलं. ‘अर्ज मिळाला, धन्यवाद,’ असं काहीतरी उमटलं. यंत्र सभ्य आहे, असं वाटून काका चहा टाकायला उठले.

सोमवारी सकाळी छापखान्यात काकांचा फोन वाजला.

“विद्यापीठातून बोलतेय. पालकांची पडताळणी करायची होती. मुलीच्या आई आहेत का?”

“नाहीत.”

“कधी भेटतील?”

“नाही भेटणार. ती वारली.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “वारले ते वडील ना?”

“वडील मी आहे.”

“अहो, पण अर्जात तर तुम्ही...” बाईंचा आवाज एकदम हळुवार झाला. “फार वाईट वाटलं.”

“कुणाबद्दल?”

“तुमच्याच.”

काका अर्ध्या दिवसाची रजा टाकून तरातरा घरी आले. चौघांत नंबर लागावा म्हणून पोटच्या पोरीनं बापाला मारलं!

“त्यांना दया यावी म्हणून मला घालवलंस?” ते दारातूनच ओरडले.

मुलीला काही कळेना. सगळं ऐकल्यावर तिनं कॉम्प्युटर उघडला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“अर्ज काल दुपारी तीन चाळीसला गेलाय. मी क्लासमध्ये होते. घरात कोण होतं?”

घरात जे होतं ते मटकन खुर्चीत बसलं.

“दोन वर्षं, बाबा! दोन वर्षं!” मग तिनं तक्ता पाहिला. “खालच्या ओळीत, वडिलांपुढे मृत केलंत, ते चुकून झालं. पण आईला हयात का केलंत?”

“जरा बघत होतो,” काका म्हणाले. “कसं दिसतं ते.”

ती उठून न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी काका डॉक्टरांकडे जिवंत असल्याचा दाखला आणायला गेले. बायकोचा दाखला याच डॉक्टरांनी लिहिला होता. त्यांनी दोनदा नाडी पाहिली. (पहिल्यांदा लागली नाही म्हणे. काकांना नवल वाटलं नाही.) दाखला आणि स्वतःच्या सहीचं दुरुस्तीपत्र रवाना झालं. पुढचे दोन महिने काका मान खाली घालून वावरले. कामातलं लक्ष इतकं उडालं, की एका शोकसंदेशात ‘दुःखद निधन’चं ‘सुखद निधन’ झालेलं त्यांनी तसंच जाऊ दिलं.

अखेर उत्तर आलं. खेद होता.

“माझ्यामुळे झालं,” काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी दोन महिने तयार ठेवलं होतं.

“नाही हो. गणिताच्या चाचणीत मीच कमी पडले. गुण दिलेत सोबत. अर्ज निवड समितीपर्यंत गेलाच नाही.” तिनं पापण्या जोरात मिटल्या, उघडल्या. “पुढच्या वर्षी परत बसेन.”

म्हणजे पोरीचं वाटोळं करण्याइतकंसुद्धा काकांचं वजन नव्हतं.

“आणि माझं दुरुस्तीपत्र?”

“फेटाळलं. त्यावर हयात पालकाची सही लागते. त्यांच्या नोंदीत ती आई आहे.”

काकांनी चष्मा काढला. “म्हणजे तिकडे ती अजून...”

“हो.”

“मग राहू दे तसंच. माझी काही हरकत नाही.”

मुलगी दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली, डोळे भरलेले असतानाच.

“बाबा, तुम्हाला आता विचारतंय कोण?”