भिंतीवरचा हॉ

जुन्या भिंतींवर कोणी काही लिहू नये, या विषयावर परदेशातल्या परिषदेत दहा मिनिटं बोलण्यासाठी कार्यालयाने माझी निवड केली. बावीस वर्षं मी याच कामात आहे. बदाम, बाण, 'अमुक येऊन गेला' अशा तीन हजार चारशे लिखाणांची नोंद आणि पुसणी माझ्या देखरेखीखाली झाली आहे. निवृत्तीला चार महिने उरले असल्यामुळे ती दहा मिनिटं म्हणजे माझ्या नोकरीचा कळसच होता. सासऱ्यांनी ही बातमी साऱ्या नात्यागोत्यात फिरवली. धाकट्या मावशीपर्यंत पोहोचेस्तोवर दहाची चाळीस मिनिटं झाली होती.

परिषद तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात होती आणि आमचं हॉटेलही तिथंच होतं. गळ्यात ओळखपत्र अडकवताना संयोजिकाबाई म्हणाल्या, "तुमचं भाषण उद्या चारला. दार चारला बंद होतं. उशिरा आलेला वक्ता श्रोता समजण्यात येतो."

"मग श्रोता म्हणून आत बसता येईल ना?"

"श्रोत्यांची नोंदणी मागच्या महिन्यात संपली."

आज दुपार मोकळी होती आणि तट पाहायची मला घाई झाली होती. मात्र माझा फोन हॉटेलच्या चार भिंतींतच चालत होता. त्याला बाहेर चालवण्याची मंजुरी अजून आमच्या कार्यालयातल्या तिसऱ्या टेबलावर होती. निघण्याआधी घरी फोन लावला. आमची ही शाळेत पहिलीचा वर्ग घेते.

"तुम्ही आपल्या मंडईतून परत येताना दोनदा पत्ता विचारता," ती म्हणाली. "कोटाच्या आतल्या खिशात खडू ठेवलाय. प्रत्येक वळणावर खूण करत जा."

"अगं, मी? भिंतीवर?"

"पुसायला येतंच की तुम्हाला! येताना पुसत या."

पहिल्या वळणावर चहूकडे नजर टाकली आणि तटाच्या दगडावर हॉटेलचा 'हॉ' काढून हॉटेलच्या दिशेने बाण मारला. हात लटपटत होता. बावीस वर्षांत मी प्रथमच कायद्याच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो. दुसऱ्या वळणावर लटपट कमी झाली. सहाव्यावर मी चक्क शीळ घालत होतो. सातव्याला बाण चुकीच्या दिशेला गेला, म्हणून त्यावर फुली मारून शेजारी दुसरा काढला. असे एकूण अकरा हॉ झाले. शहर मोठं देखणं होतं. उन्हात तापलेले दगड, खिडक्यांतून वाळत घातलेल्या चादरी, आणि कितीही चाललं तरी पुढे पुन्हा तटच. परतताना पोटाने दगा दिला आणि अकराही बाणांच्या आधाराने मी धावतच हॉटेल गाठलं. पुसायचं काम उद्यावर टाकलं. त्या कामाची आमची पद्धत तशीच आहे.

सकाळी ओला रुमाल घेऊन पहिल्या वळणावर पोहोचलो, तर समोर चाळीस माणसं! सगळी आमच्याच परिषदेची. पुढे छत्रीवाला वाटाड्या उभा होता. या कोपऱ्यावर सांगण्यासारखं काहीच नसायचं, अशी त्याची जुनी तक्रार होती. आज ती मिटली होती.

"ही खूण फार प्राचीन आहे," तो म्हणाला.

चाळीस तज्ज्ञांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती. तसं कबूल करायचं कसं? त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, "अपेक्षेपेक्षा लहान आहे." मी रुमाल घेऊन पुढे सरकलो, तसा पहारेकऱ्याने माझा हात धरला आणि सकाळी सव्वानऊपासून तिथं दोरी बांधली असल्याचं नम्रपणे सांगितलं.

दुपारपर्यंत सगळ्या खुणा सापडल्या. पुराणवस्तूंच्या मुख्य अधिकाऱ्यांनी अर्थही लावला. वर चंद्रकोर, शेजारी खांब आणि खांबापाशी गुडघा मुडपून बसलेला भक्त. बाण दाखवतात ती चंद्रपूजकांच्या मिरवणुकीची वाट होती. फुली मारलेल्या ठिकाणी मिरवणुकीवर हल्ला झाला असावा.

तेवढ्यात मी सूचनाफलक वाचला: 'चार वाजताचं भाषण रद्द. त्याऐवजी नव्या शोधावर चर्चा.' म्हणजे माझी दहा मिनिटं माझ्याच हॉने खाल्ली होती!

मी तडक अधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. संयोजिकाबाईही तिथंच होत्या.

"साहेब, तो हॉ मी काढलाय. हॉटेलचा हॉ. काल दुपारी."

अधिकारी प्रेमाने हसले. "असं म्हणणारे तुम्ही आजचे तिसरे. फळ्यावर काढून दाखवा."

मी काढला. त्यांनी भिंग लावून फोटोशी ताडून पाहिला.

"जमलं नाही. तुमचं अक्षर सरकारी आहे. मूळ रेषा थरथरलेली आहे. ती थरथर श्रद्धेची आहे, ती आणता येत नाही."

"ती भीतीची होती हो! आणि हा बघा खडू!"

खडू पाहून दोघंही उठून उभे राहिले. त्यांनी तो चिमट्याने उचलून काचेच्या डबीत ठेवला. "खूण काढण्याची प्राचीन वडी! कुठं सापडली?"

"कोटात."

"कोटात," संयोजिकाबाईंनी लिहून घेतलं, "म्हणजे तटाच्या आत."

मी डोक्याला हात लावला. तेव्हा अधिकारी खालच्या आवाजात म्हणाले, "हे पाहा, एकच अडचण उरलीय. या खुणा म्हणजे अनधिकृत लिखाण नव्हे, असा दाखला हवा. त्यातले जाणकार इथं तुम्हीच. सही करा आणि चार वाजता खुशाल बोला. दहा नाही, चाळीस मिनिटं."

मला धाकटी मावशी आठवली. खरं बोलून पाहिलं होतं, त्याचा उपयोग झाला नव्हता. मी सही केली.

भाषण फार रंगलं. भिंतीवर लिहिणाऱ्यांना मी असं फैलावर घेतलं की शेवटी सभागृह उभं राहिलं. त्याच दिवशी अकराही ठिकाणी पाट्या रंगवण्यात आल्या: 'पवित्र चिन्ह. भिंतीवर लिहू नये.' या पाट्या, अर्थात, भिंतीवर लिहिलेल्या आहेत.

घरी आल्यावर हिने फोटो पाहिला. "अहो, हा तर तुमचाच हॉ! चंद्र तिरका काढलाय. माझ्या वर्गात असता तर अर्धा गुण कापला असता." मी दाखला दाखवला. तिने तो दोनदा वाचला, फोटो पुन्हा निरखून पाहिला आणि हळूच म्हणाली, "पण काही म्हणा, नुसतं बघूनही मन कसं शांत होतं, नाही?"

पुढच्या सुट्टीत आम्ही दोघं तिथं जाणार आहोत. रांग मोठी असते म्हणे. तुम्हीही जाऊन या. मागच्या सहलीत दुसऱ्याच कुठल्याशा गावी वाटाड्याने दाखवलेल्या त्या दगडाला हात लावून तुम्ही डोळे मिटले होते, तेव्हा तरी कुठं विचारलं होतं, हा हॉ कोणाचा म्हणून?