मसाल्याचं मूळ गाव

उचगावात आमचा मसाला कुटायचा डंक आहे. तिथं येणाऱ्या प्रत्येकाला शेजारचे अण्णा एकच विचारतात, "मूळ गाव कुठलं?" माणसांना विचारतात ते ठीक, ते मसाल्यालाही विचारतात.

"ही दालचिनी?"

"श्रीलंकेची," आई सांगते.

"आन् हिंग?"

घरी एकटेच असल्यानं अण्णा टीव्हीवरच्या प्रचारसभा मन लावून ऐकतात. पुढाऱ्यानं ज्या शेजारी देशाला दम भरला, त्या देशाचा जिन्नस अण्णांच्या पिशवीतून बाद. दालचिनी अशीच गेली. यंदा नेपाळचा नंबर लागला, मग मसाला वेलची गेली.

"वेलचीनं काय देश बुडतोय व्हय, अण्णा?" आई म्हणाली.

"अक्का, शत्रू बारकाच असतोय."

"मग फुडल्या साली निस्तं मीठ घिऊन येशिला कुटायला!"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एकदा मी भीत भीत म्हटलं, "अण्णा, सभेत मतांसाठी बोलतात. पण शेजारच्या देशात ते खरं धरतात."

अण्णांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "कुणी शिकीवलं ह्ये? त्या सरांचं मूळ गाव कुठलं?"

परवा दुपारी ते दोन पिशव्या घेऊन आले. एक नेहमीची, दुसरी पोटाशी घट्ट धरलेली. आता मलाच संशय आला. उघडली तर आत दालचिनी, आणि वर मूठभर मसाला वेलची.

"ही कुठली म्हणायची, अण्णा?" आईनं मुद्दाम विचारलं.

"मनीसाठी हाय. सगळं घालून कुट."

मनी त्यांची मुलगी. बरोबर नर्सिंग शिकणाऱ्या नेपाळी मुलाशी लग्न करून ती काठमांडूला गेली, तेव्हापासून अण्णांनी तिचं नाव आमच्यापुढं काढलं नव्हतं.

"बरी हाय न्हवं?" आईचा आवाज उतरला.

"फोन आलता. हितल्या सभा ऐकून तिकडं बी मोर्चं निघाल्यात. आपल्या माणसांनी परत जावं म्हनत्यात." अण्णा वेलची चाचपत राहिले. "सुई टोचून घ्यायच्या आदी पेशंट तिला इचारत्यात, मूळ गाव कुठलं."

मग माझ्याकडं वळले. "तू शिकतीस की. काय सांगावं तिनं?"

मी दोन्ही पिशव्या डंकाखाली रिकाम्या केल्या. आईनं डंक सुरू केला.

तेवढ्यात एक अनोळखी माणूस मिरच्यांचं पोतं घेऊन दारात आला. अण्णांनी सवयीनं तोंड उघडलं. मग उठून पोत्याला हात लावत म्हणाले, "या पावणं. बसा."